धडधड परत आली का?

फोनच्या तोंडावर पंजा दाबून बाई आमच्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "खोटा बोलता ह्यो!" मग पंजा काढून पलीकडच्या पेशंटला अगदी गोड आवाजात, "हं काका, बोला."

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, हृदयरोग विभागात बाई आणि मी शेजारी बसायचो. ज्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच वेडेवाकडे पडतात, त्यांच्या मांडीतून नळी वर नेऊन हृदयातली बिघडलेली जागा जाळतात. बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींचा त्रास परत येतो. तो कुणाला आणि का परत येतो, यावर जगभर काय लिहिलं जातंय ते वाचून तक्ते काढणं हे माझं काम. आमच्याच पेशंटना दर तीन महिन्यांनी फोन करून "धडधड परत आली का?" हे विचारणं बाईंचं.

दुकानदाराने दिलेली नोट दोनदा उजेडात धरून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यातल्या. "'बरं आहे' हे काय उत्तर झालं? ते तर आपण लिफ्टमध्ये पण देतो ना!" म्हणून त्या विचारायच्या, जिन्यात कुठे टेकता? आणि शेवटी, "जरा वहिनींना फोन द्या."

एकदा मी हौसेने माझा तक्ता दाखवला. पूर्वी सगळे जाळायच्या पद्धतींवर लिहायचे, आता हातातल्या घड्याळांवर आणि त्रास परत येणार हे कॉम्प्युटरने आधीच ओळखण्यावर लिहितात. मी त्याचे रंगीत गोल काढले होते. बाईंनी चष्मा वर सरकवला. "झकास. पण यातल्या माणसांना फोन कोणी केले?" मला भयंकर राग आला, कारण ते मला माहीत नव्हतं.

पुढे बाईंच्या नोंदींत त्रास परत आलेले पेशंट जरा जास्तच निघायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई लोकांच्या तोंडी उत्तरं घालतात, असा मला डाऊट आहे. तू गुपचूप विचारून बघ. तसं असेल तर त्यांना ठेवता येणार नाही."

बाई जेवायला गेल्यावर मी बोरिवलीच्या एका काकांना फोन लावला. त्यांच्या नावापुढे बाईंनी 'परत आली' असं लिहिलं होतं.

"छे हो! एकदम फर्स्ट क्लास," काका म्हणाले. मला आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते. मी लगोलग जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा दबक्या आवाजात फोन आला. "काल हे तुमच्याशी खोटं बोलले. परत नळी घालतील म्हणून घाबरतात. पहिल्या मजल्यावरच छाती धरून बसतात हो. त्या बाईंना मीच सांगितलं होतं."

मी धावत केबिनमध्ये गेलो. डॉक्टरांनी काकांना बोलावून घेतलं. पण हा त्रास येतो-जातो, आणि त्या दिवशीचा कार्डिओग्राम नेमका नॉर्मल आला. "बघ," डॉक्टर म्हणाले. महिनाअखेरीला बाईंना काढलं.

त्या डबा पिशवीत भरत असताना मी सगळं कबूल केलं.

"माहीत आहे मला. फोन केलास ते बरं केलंस रे. माझ्यावर तरी कोणी का विश्वास ठेवावा? पण वहिनींना का नाही विचारलंस?"

त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत.

आता पेशंटना मोबाइलवर मेसेज जातो. धडधड असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. त्रास परत येणाऱ्यांचा आमचा आकडा दर वेळी खाली येतो. डॉक्टर खूश आहेत, त्यावर लेख लिहायला घेतलाय, आणि त्याचा तक्ता मलाच काढायचा आहे.

परवा बोरिवलीच्या काकांनी दोन दाबलं. मी काकूंचा नंबर शोधायला लागलो. नव्या फॉर्ममध्ये घरच्या माणसाच्या नंबरासाठी रकानाच नाही.