पंचाची अंगझडती

जाम गावच्या चौकात नत्थूजी ट्रकांची सीटकव्हरं शिवायचे आणि फावल्या वेळात पंच असायचे. म्हणजे न्यायनिवाडा करणारे पंच नव्हेत. पोलिसांनी कुठे दारू पकडली, की 'आमच्या डोळ्यांदेखत पकडली' असं लिहून देणारे दोघं लागतात, त्यांतले एक. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे दारूला तोटा नाही, आणि पोलिसांच्या जीपला नत्थूजींचं दुकान वाटेतच लागायचं. बंडूजी हवालदार कागद पुढे धरायचा आणि नत्थूजी पायाखालचं मशीन न थांबवता सही ठोकायचे. घटनास्थळ त्यांनी सहसा पाहिलेलं नसे. सही मात्र अशी देखणी, की हा माणूस तिथे खुर्ची टाकून बसला होता असंच कोर्टाला वाटावं.

ठाण्यात नव्या फौजदारबाई आल्या आणि हे सुख संपलं. "पंच जागेवर पाहिजेत," त्या म्हणाल्या. एका दुपारी बंडूजीने नत्थूजींना मशीनवरून उठवलं, जीपमध्ये बसवलं आणि देवकाबाईच्या दारात नेऊन उतरवलं. देवकाबाई मोहाची दारू गाळायची. तिच्यावर इतके खटले झाले होते, की पंचनाम्याचा मजकूर तिला आरतीसारखा पाठ होता.

ती दारात आडवी उभी राहिली. "शिरा घरात. पण पयले पंचाची अंगझडती द्या."

"काय?" बंडूजी म्हणाला.

"कोर्टात दरवेळी वाचून दाखवता ना, 'पंचांनी प्रथम स्वतःची अंगझडती दिली'? इतक्या वर्षांत मले तं कोनी दिली नाई. आज पाहू द्या, कशी राह्यते ते."

फौजदारबाईंना हे एकदम पटलं. नत्थूजी मात्र एक पाऊल मागे सरकले. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण संध्याकाळी दुकान आवरलं, की मागच्या बाजूला बसून ते एक चिलीम ओढत. सीटकव्हरावर खूश होऊन एका ट्रकवाल्याने दिलेली गांजाची पुडी त्या घडीला त्यांच्या बंडीच्या आत, त्यांनी स्वतः शिवलेल्या चोरखिशात होती.

"राहू द्या ना मॅडम," बंडूजी म्हणाला. "आपलेच मानूस आहेत."

"म्हणूनच घ्या."

बंडूजीने चाचपलं. शिवण इतकी साफ होती, की त्याच्या हाताला काही लागलंच नसतं. पण त्याची बोटं काखेकडे वळली, तसा नत्थूजींचा स्वतःचाच हात छातीवर जाऊन बसला आणि काही केल्या खाली येईना.

"हात काऊन तिथं ठेवून राह्यले, नत्थूजी?" देवकाबाईने काळजीने विचारलं. "दुखते का?"

पुडी निघाली. ती मोजायला सगळी वरात किराणा दुकानात गेली. "कागदासकट मोजू का?" दुकानदाराने विचारलं, आणि या प्रश्नावर बराच खल झाला. तेवढ्यात देवकाबाईच्या मागच्या दाराने काय काय गेलं, ते पाहायला कोणीच मागे उरलं नव्हतं.

जामीन त्याच दिवशी झाला. खरी भीती पुढे होती. प्रफुल वकील गल्लीतलाच पोरगा, लहानपणी नत्थूजींच्या दुकानातल्या चिंध्यांचे चेंडू करणारा. तो म्हणाला, "काका, जास्तीत जास्त एक वर्ष."

"वर्ष?"

"नाई तं दंड. नाई तं दोन्ही. पण घाबरू नका. झडती कायद्याप्रमानं झाली नाई, अन् पुडी मोजली तवाचे पंच आपल्याच गावचे आहेत, ते काय बोलनार? साहेबानं विचारलं, 'गुन्हा कबूल आहे का?' तं दोनच शब्द बोलायचे, 'कबूल नाई.' बाकी मी पाहतो."

नत्थूजींनी ते दोन शब्द घोकले. मशीनवर घोकले, जेवताना घोकले. तारखेच्या सकाळी त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईने, एक पिशवी भरली. तिच्यात चादर, टॉवेल, गुडघ्याचं मलम आणि लोणच्याची बरणी होती.

"हे काय?"

"तिथं देते का लोनचं?"

नत्थूजींनी पुढचं ताट बाजूला सारलं.

कोर्ट त्यांच्या ओळखीचं होतं. साक्षीला आलं, की बंडूजी चहा पाजायचा. आज बंडूजी खांबाकडे बघत उभा होता. मागच्या बाकावर देवकाबाई होती, तिची स्वतःची तारीख होती. ती टक लावून पाहत होती.

न्यायाधीशांनी आरोप वाचला. "गुन्हा कबूल आहे का?"

नत्थूजींनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, जीभ वळेना. जिथे आपण नव्हतो तिथे होतो, असं त्यांनी याच खोलीत कितीदा बिनदिक्कत सांगितलं होतं. आता जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट खरोखर त्यांच्यासमोर झाली होती, त्यांच्या अंगावरच झाली होती, आणि नेमकी तीच झाली नाही म्हणायचं होतं. प्रफुल खोकला. पुन्हा खोकला.

"कबूल आहे साहेब," नत्थूजी म्हणाले. "पंचनामा माझ्यासमोरच झाला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "तुरुंग होऊ शकतो, हे माहीत आहे?"

"हाव साहेब."

"कोणी दबाव आणला?"

"नाई जी."

न्यायाधीश लिहू लागले. लिहितच राहिले. वच्छलाबाई पिशवी घेऊन उठून उभी राहिली.

"पहिलाच गुन्हा आहे. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड."

नत्थूजींना 'कैद' एवढंच ऐकू आलं, आणि त्यांनी कठडा घट्ट धरला. प्रफुलने येऊन समजावलं. आज कोर्टाचं काम संपेपर्यंत या खोलीत बसून राहायचं. तीच कैद. वच्छलाबाई मटकन खाली बसली आणि तिने लोणच्याची बरणी फुटली तर नाही ना, ते पाहिलं.

कैद्याला जागा मिळाली ती देवकाबाईच्या शेजारी. जेवणाच्या सुट्टीतही ते हलले नाहीत. तिने भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि लोणच्यासाठी वच्छलाबाईपुढे हात केला.

"पुढच्या तारखेले माझ्या जुन्या केसमधी तुमची साक्ष आहे," ती म्हणाली.

नत्थूजींनी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. "त्या दिवशी मी तुह्या घरी आलोच नवतो, बाई. दुकानात होतो."

"मले काय सांगता? तिथं सांगजा."

संध्याकाळी न्यायाधीश उठले. वकील गेले, कारकून गेले. नत्थूजी बसूनच होते. दिवे मालवायला आलेला शिपाई म्हणाला, "अवो, उठा ना आता. सुटले तुमी."

"नक्की उठलं ना कोर्ट?" नत्थूजींनी विचारलं. "तू सोता पाह्यलं?"