लखनऊतले आमचे सीएम साहेब

आमच्या लखनऊच्या मराठी मंडळात मीटिंगचे मिनिट्स लिहायचा सगळ्यांना कंटाळा. किस्से मात्र सगळ्यांना पाठ!

इथं आमदार मुख्यमंत्री निवडतात ना, तसंच आमचं. आधी छावनी, वृंदावन योजना अशा एरियातून आमचे ‘आमदार’, मग ते निवडणार अध्यक्ष. अध्यक्षांना सगळे ‘सीएम साहेब’च म्हणतात. वर्षानुवर्षं सीएम एकच, रिटायर्ड सायंटिस्ट जोशीकाका!

यंदा मंडळातल्या कर्नलसाहेबांच्या मिसेस, सुनीताताई, उभ्या राहिल्या. “जन्मभर बदल्या! पडदे शिवून होईपर्यंत पुढची ऑर्डर! आता इथं घर घेतलंय. एकदा तरी काहीतरी माझं म्हणून चालवू द्या की मला!” मला तर बाई भरूनच आलं.

*

आमदार फुटू नयेत म्हणून काकांनी सगळ्यांना पुरणपोळीला बोलावलं. ताईंनी त्याच दुपारी मिसळ ठेवली. आमचे कुलकर्णी दोन्हीकडे जेवून आले.

“फुटलात ना?” काकांनी दरडावलं.

“छे हो! नुसता फुगलोय!”

*

रोहन आमचा सगळ्यात तरुण आमदार. जन्म इथलाच. मराठी कळतं, उत्तर हिंदीत. काकांनी त्याला धरून मंडळाचा अख्खा इतिहास ऐकवला.

“मग, मत कुणाला?”

“अंकल, आपका भाषण सुनने के बाद तो... आंटी को!”

*

निवडणूक अधिकारी तटस्थ हवा, म्हणून आमच्या मंडळातल्या मीनाचे यजमान मिश्राजी. कचहरीत वकील, अस्सल लखनवी. मतदानाआधी कुणाची हरकत नाही ना, हे त्यांनी अदबीनं विचारलं, “किसी को आपत्ति?”

नलूआजी दचकल्या. “अगं बाई, कसली आपत्ती? सगळे सुखरूप आहेत ना?”

*

आणि मतं समसमान! पुन्हा मोजली, तरी तेच. काका हटेनात, ताई हटेनात, चहा गार झाला. शेवटी काकांनी हुकमी एक्का काढला. तो ते दरवर्षीच काढतात.

“ठीक आहे! हा घ्या माझा राजीनामा!” म्हणाले, आणि ‘नको, नको’ ऐकायला थांबले.

मिश्राजी आनंदानं उठलेच. “राज़ीनामा? वाह जोशीजी! कोर्ट में दोनों पार्टी को राज़ी करने में सालों लग जाते हैं, और आप यूँ मान गए! समझौता मंज़ूर! सुनीताजी, मुबारक हो!”

ताईंनी वाकून काकांना नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी. काका “अहो, मी तर...” म्हणत मोठ्या आशेनं काकूंकडे वळले.

काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या!