बंद पडलेलं आधी सांग

माझी नजर एकाएकी गेली नाही. आधी उजव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले, मग कडेनं पडदा ओढल्यासारखं झालं, मिरजेला ऑपरेशनं झाली, दुसऱ्या डोळ्यानंही तोच रस्ता धरला आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा राहिला.

तेव्हा मी सांगलीत विश्रामबागला एका लहानशा ऑफिसात काम करत होतो. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांची लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटर मशीनं सांभाळायची, हे आमचं काम. त्या मशीनवर छोटे छोटे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. एक खोल्यांचं तापमान मोजतो, एक ते आमच्याकडं पाठवतो, एक बिघाड झाला की मालकाच्या फोनवर निरोप टाकतो. त्यांना सर्व्हिस म्हणतात. एखादी सर्व्हिस बंद पडली तर बाहेरून काहीच दिसत नाही. खोली हळूहळू गरम होत जाते आणि पत्ता लागत नाही. म्हणून कोण चालू आहे आणि कोण बंद, हे पाहणं हेच माझं मुख्य काम होतं. आणि आता पाहणंच संपलं होतं.

ऑपरेशननंतर मी कोरेगावजवळच्या आमच्या गावी आईवडिलांकडं येऊन राहिलो. वडील, म्हणजे आबा, फौजेत सिग्नलला, वायरलेसवर होते, रिटायर झाल्यापासून ऊस बघतात. भेटायला येणारे लोक माझ्याजवळ बसून उसासे टाकायचे. आबा तसं काही करत नसत. ते मला रोज बांधावरनं हात धरून चालवून आणायचे आणि पाटाला पाणी कुणाचं आहे, कुणी मोटर बदलली, असलं काहीतरी सांगत राहायचे. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून ठेवला होता.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी काम करायची. जतकडची. तिच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी डाळिंबं लावली आहेत. एके दिवशी ती एसटीनं थेट आमच्या दारात आली. माझा लॅपटॉप घेऊन आली होती आणि त्यावर स्क्रीन रीडर बसवून आणला होता, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. तो तिनं आधी स्वतः डोळ्यांना ओढणी बांधून वापरून पाहिला होता. आमच्या ओसरीवर बसून तिनं मला दुपारभर शिकवलं. जाताना म्हणाली, ‘‘दादा, तुमचं टेबल तसंच ठेवलंय. कुणाला बसू दिलेलं नाही.’’

मी सांगतो ते अतिशयोक्त वाटेल, पण ऑपरेशननंतर त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली.

शिकताना एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. आमच्या कामात माऊस आणि चित्रं कमी. काळा पडदा, त्यावर टाइप केलेला हुकूम आणि खाली आलेलं उत्तर, सगळी अक्षरंच. अक्षरं असली की स्क्रीन रीडर वाचतो. मी सांगलीला परतलो, आणि बरंचसं काम जमायला लागलं. अडलं ते नेमकं माझ्या रोजच्या टूलपाशी.

सर्व्हिसेस सांभाळायला आम्ही एक फुकट मिळणारं टूल वापरायचो. परदेशातल्या कुणीतरी ते हौसेनं लिहिलेलं होतं. डोळे होते तेव्हा मला ते फार आवडायचं. पडद्यावर चौकटी आखलेल्या, प्रत्येक सर्व्हिसपुढं एक गोल ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद पडली तर लाल. एक नजर टाकली की झालं. आता स्क्रीन रीडर तेच वाचायचा : ‘‘उभी रेघ, काळा गोल, उभी रेघ, काळा गोल.’’ सगळे गोल त्याच्या लेखी सारखेच. त्यात ते टूल दर क्षणाला पडदा नव्यानं काढायचं, की हा बिचारा पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू. यादी कधी संपायचीच नाही.

एकदा तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजचं तापमान आमच्याकडं येईनासं झालं. ऑफिसात मी एकटाच होतो. कुठली सर्व्हिस पडली ते कळेना, म्हणून मी तिथल्या मालकांना फोन केला. साठीचे गृहस्थ, स्वभावानं गोड. त्यांच्या ऑफिसातल्या पडद्यावर हेच टूल उघडं असायचं. मी म्हटलं, लाल ठिपका कुठल्या ओळीला आहे तेवढं सांगा. ते ‘लाल व्हय, लाल’ असं पुटपुटत राहिले. मग म्हणाले, थांबा, आमच्या ऑफिसातल्या बाईंना बोलावतो. बाईंनी ओळ वाचली, मी ती सर्व्हिस सुरू केली, काम झालं. पण मालक माझ्यावर वैतागले असावेत, असं मला वाटत राहिलं.

त्या शनिवारी गावी गेलो तेव्हा लॅपटॉप उघडून हेच सोडवायच्या खटपटीत होतो. आबा शेजारी चहा घेत ऐकत होते. स्क्रीन रीडरची काळा गोल, काळा गोल अशी जपमाळ चाललेली.

‘‘हे काय बडबडतंय रं?’’ आबांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं की हे डोळ्यांसाठी बनवलेलं आहे. नजर सगळं सोडून लाल ठिपक्यावर उडी मारते, म्हणून तिथं क्रमाला किंमत नाही.

आबा म्हणाले, ‘‘कानाला उडी मारता येत न्हाई. वायरलेसवर आमी आदी सांगायचो काय बिघडलंय, मग कुठं, मग बाकीचं. सगळं ठीक आसलं तर एका शब्दात ठीक म्हणायचं आन् गप बसायचं.’’

ते कप ठेवून गोठ्याकडं गेले. मला मात्र काय बनवायचं ते कळलं होतं.

मी टूलच्या कर्त्याला लिहिलं. मला आंधळ्या माणसाची तक्रार म्हणून लिहायचं नव्हतं, पण लिहिताना तसंच झालं असावं. उत्तर आलं की रंग बंद करायची सोय आधीच आहे, ती वापरून पाहा. मी पुन्हा लिहिलं की रंग बंद केले तरी गोल राहतात, रेघा राहतात, आणि पडदा नव्यानं काढणं थांबत नाही. यावर काही दिवस शांतता. मी मनात म्हटलं, संपलं. मग एक लांबलचक उत्तर आलं. त्या व्यक्तीनं स्वतः स्क्रीन रीडर बसवून, मॉनिटर बंद करून, आपलंच टूल चालवून पाहिलं होतं. स्वतः लिहिलेलं असूनही आपल्याला त्यातून एक सर्व्हिस शोधता आली नाही, असं लिहिलं होतं. शेवटी होतं : याचा उपाय तुम्हीच लिहा, मी प्रत्येक ओळ तपासून देईन.

प्रोग्रॅमच्या कोडची एखादी ओळ मी ऐकून समजून घेऊ शकत होतो, पण दुसऱ्याच्या हजारो ओळींच्या रानात वाट सापडत नव्हती. जतची ती मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसायची आणि कुठला भाग कुठं आहे ते सांगायची, एखाद्या गावाचे रस्ते सांगावेत तसं. ‘‘इथनं डावीकडं वळलं की ठिपके काढणारं घर.’’ कोड मी लिहायचो. ती दुरुस्त करायला पुढं हात करत नसे. चुकलं तर चुकू द्यायची आणि मग विचारायची, दादा, एकदा ऐकून बघता का?

असा हळूहळू टूलमध्ये एक साधा प्रकार तयार झाला. चौकटी नाहीत, ठिपके नाहीत. बंद पडलेल्या सर्व्हिस सगळ्यांत आधी, प्रत्येकीला एक ओळ : काय झालं, कुणाला झालं, कशामुळं झालं. आणि काही बिघडलेलं नसेल तर एकच वाक्य, सगळं चालू आहे. पडदा आपणहून हलणार नाही, विचारलं तरच पुन्हा सांगेल.

शब्द मराठीतही असावेत, हे तिचं म्हणणं. आम्ही दोघं बसून शब्द ठरवत होतो तेव्हा मी चालू आणि बंद असे दोनच सुचवले. ती म्हणाली, बंद कशी? कुणी बंद केली की आपोआप बंद पडली? इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द होते आणि मी दोन्हींना एकच लावून मोकळा झालो होतो. आम्ही ‘बंद केलेली’ आणि ‘बंद पडलेली’ असं लिहिलं. कर्त्याला हा फरक समजावून सांगितला तेव्हा तिकडून उत्तर आलं की इंग्रजीतले मूळ शब्दसुद्धा आता मला नीट करावेसे वाटतात. आणि ते केलेही.

नवं टूल बसवायला आम्ही दोघं बसनं तासगावला गेलो. मालकांच्या ऑफिसात बेदाण्याचा गोड आंबूस वास भरलेला असतो. पडदा त्यांच्यापुढं होता, मी स्क्रीन रीडर लावून ऐकवत होतो. मुद्दाम एका सर्व्हिसमध्ये बिघाड करून ती पडू दिली. मशीन म्हणालं, बंद पडलेली, तापमान पाठवणारी. जतची मुलगी बाहेर मशीनची वायर बघायला गेली. मालकांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

‘‘ह्ये आता मला बी वाचाया येतंय,’’ ते म्हणाले.

मला समजलं नाही.

‘‘मला लाल-हिरवं कळत न्हाई. लहानपणापास्नं. फौजेच्या भरतीला गेलो तवा त्यावरनंच माघारी लावलं. घरी सांगितलं, छाती कमी भरली.’’ मग ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी तुमी फोनवर रंग इचारला. तुमाला दिसत न्हाई म्हणून तुमी इचारलं, आन् मला दिसत असून सांगता येईना.’’

मग मी विचारलं, की इतके दिवस हे टूल तुम्ही कसं वापरत होता. ते हसून म्हणाले, रोज सकाळी तुम्हाला फोन करून. खरंच ते रोज फोन करायचे, सगळं बरं हाय न्हवं, म्हणून. मी त्याला काळजीखोर स्वभाव समजत आलो होतो.

त्यांची परवानगी घेऊन, कुठलीही ओळख न देता, मी ही गोष्ट कर्त्याला कळवली. पुढच्या आवृत्तीत रंगीत पडद्यावरही ठिपक्याशेजारी शब्द आले. आमचा साधा प्रकारही सगळ्या जगासाठी त्यात सामील झाला. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी आभार लिहिले. त्यात पुष्कळ डोळसही होते.

ती मुलगी आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तिची जागा भरली गेली, माणूस चांगला आहे, पण जेवणाच्या सुट्टीत मला अजून चुकल्यासारखं होतं. दिवाळीला तिचा फोन येतो. मी आभार मानायला लागलो की ती डाळिंबाचा विषय काढते.

टूलचा कर्ता पुरुष आहे असं मी उगीचच धरून चाललो होतो. परवा मी लिहिण्याऐवजी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आणि तिकडूनही आवाजच आला. एका वयस्कर बाईंचा, थोडा खरखरीत. त्यांनी आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मग विचारलं, की तुमच्या बोलण्यामागं ढोल आणि गाणी कसली ऐकू येतात, तिकडं काही सण आहे का? मी तेव्हा गावी होतो. सांगितलं, सण नाही, कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर आहेत, ते गाणी लावूनच जातात. त्यांनी लगेच कळवलं, की मग पुढच्या वेळी जरा रस्त्याजवळ जाऊन बोला.