सरूकाकूच्या दारासमोरचे पाच लिंब

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, त्याची आधीच माफी मागते. पुढं जे लिहिणार आहे त्याची मागणार नाही. ते मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही.

दारात बसून लिहिते आहे. वर कडुलिंबाची सावली आहे. पलीकडे जीन धडधडतंय, पण कापसाचं तूस पानांत अडकतं, अंगणात येत नाही. ही सावली कुणी दिली मला? तेच सांगायचंय, पण — आधी जिनाचं सांगते.

मी नवी नवरी म्हणून चौसाळ्याला आले, त्याच साली आमच्या गल्लीला लागून सरकी काढायचं जीन उभं राहिलं. दिवसभर तूस उडायचं. भाकरीवर, पाण्यात, पाळण्यातल्या पोराच्या नाकात. माणसं तहसीलदाराकडे गेली. हुकूम झाला, जिनाच्या शेटनं घरांच्या बाजूची पट्टी मोकळी सोडावी, तिथं लिंबाची रोपं लावावीत, आणि पाणी गल्लीनं घालावं. ज्याची रोपं मरतील त्याला दंड.

पाटलांनी चिठ्ठ्या टाकल्या. आपल्या दारासमोरची रोपं आपल्याकडे नाहीत, दुसऱ्याच्या दारासमोरची राखायची — म्हणजे कुणी फक्त आपलंच बघणार नाही. आमच्या दारासमोरची सरूकाकूकडे गेली. तिच्या दारासमोरची पाच आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. सासूबाई थोडीच घागर उचलणार होत्या?

सरूकाकूचं घर अगदी शेवटी, जिनाच्या फाटकाशी. तिच्या नवऱ्याला दमा होता. ते बाहेर बाजेवर टेकून बसायचे, श्वास ओढत. ती मला म्हणायची, "काकाचा जीव तुझ्या घागरीत हाय बघ, लाजाळू." लाजाळू हे तिनंच ठेवलेलं नाव. "झाडाला पानी घालाया झाडच धाडलंय सासूनं!" असं म्हणून स्वतःच हसायची.

फाटकाशी गाडीवान बसलेले असायचे. एकदा एकजण म्हणाला, "वहिनी, बैलालाबी घाला की घोटभर!" सगळे हसले. एवढंच. वाईट बोलला का तो? नाही. पण माझे पाय तिथंच थबकले. दुसऱ्या दिवशी मी उकिरड्यापर्यंत गेले, मागच्या बाजूला घागर ओतली आणि परत आले. मग रोजच तसं. ऐन उन्हाळा होता. आडातून ओढलेलं पाणी मी उकिरड्याला घालत होते.

काकूनं विचारलं होतं, "सुकाया लागल्यात गं. घालतीस ना?" मी होय म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मग मुळाला लागलं की पालवतील." तिनं विश्वास ठेवला.

पाची वाळली. पाटील बघायला येणार असं कळलं. दंड म्हणजे सासूबाई, दंड म्हणजे माहेरचा उद्धार. मी — हेच लिहायला हात अडतोय — दुपारी ऊन तापलं, गल्ली झोपली, फाटकही रिकामं होतं, तेव्हा गेले. ज्या वाटेनं पाणी न्यायला लाजले, त्याच वाटेनं ओच्यात शेळीच्या लेंड्या घेऊन गेले. रोपांच्या बुडाशी पसरल्या. शेंडे हातानं मोडले, पण ते मोडल्यासारखेच दिसायला लागले. मग खाली बसून ते दातांनी कुरतडले. पाचीचे.

अख्खं गाव लिंबाच्या काडीनं दात घासतं. मी तेव्हापासून राखुंडी वापरते. कारण कुणी विचारलं नाही.

पाटलांनी विचारलं तेव्हा मी फक्त बोट केलं, काकूच्या दारातल्या शेळीकडे.

"आवं, ती बांधल्याली असती!" काकू ओरडली. "दाव्याला बगा की! स्वताच्या दारातली सावली खाऊ देईन व्हय मी?"

पाटील हसले. "ही पोर खोटं कशाला बोलंल? हिला बोलताच येत न्हाई!"

सगळी गल्ली हसली. मी खाली बघत राहिले. काकू माझ्याकडे बघत होती का? मला ठाऊक नाही. मी वर पाहिलंच नाही.

दंड काकूवर आला. शेळी विकून तिनं तो भरला. रोपं परत कुणी लावली नाहीत. पुढच्या हंगामात तूस थेट त्यांच्या घरात जायला लागलं आणि काकांना बाजेवरून उठता येईना. दिवाळीआधी ती त्यांना घेऊन नेकनूरला भावाकडे गेली. काका तिथंच वारले. जायच्या दिवसापर्यंत ती आमच्या दारासमोरच्या रोपांना पाणी घालत होती. तीच ही झाडं.

वेचणीच्या मजुरीतून मी आणे बाजूला ठेवत गेले. दंडाएवढे हाली रुपये, तेव्हा निजामाचंच नाणं चालायचं, व्हायला वर्षं लागली. मग नेकनूरला गेले. सांगायचं ठरवून गेले होते. काकू पार वाकली होती. मी पैसे तिच्या ओटीत ठेवले आणि म्हटलं, "पाटलांनी दंड माघारी दिलाय."

"बग," ती म्हणाली, "म्हनत हुते ना मी, माजी शेळी तसली न्हाई! आन् तू आणलेस व्हय, लाजाळू? एवढ्या लांब?"

तिनं मला ताक दिलं. मी प्याले. मग तिनं रुपये एकेक करून मोजले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाली, "पुरते हायेत."