अर्जंट म्हणणाऱ्यासाठी स्टूल

जाहिरातीच्या धंद्यात आवाज न चढवता जिंकलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भावोजी मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला, आणि चित्रकलेशी त्यांचा संबंध एवढाच, की घोडा आहे की गाढव हे ते चित्राखालचं नाव वाचून ठरवत. अशा माणसाला मी अंधेरीच्या आमच्या छोट्या एजन्सीत स्टुडिओ सांभाळायला आणलं, कारण ते नोकरी शोधत होते आणि आमच्या स्टुडिओची पार वाट लागली होती. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. संगणक नव्हता, अक्षरं छापून यायची आणि आम्ही आर्टिस्ट ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचो. गिऱ्हाइकांचे निरोप आणणारी आमचीच माणसं, जो आर्टिस्ट रिकामा दिसेल त्याच्या कानात दुरुस्ती सांगून पसार व्हायची. त्यातूनच एका मिक्सरच्या जाहिरातीत लोणच्याची ओळ छापून गेली: 'वर्षभर टिकतं.' मिक्सर कंपनीचे शेटजी तेव्हापासून दुसरी एजन्सी शोधत होते. ते गेले असते तर निम्मा स्टुडिओ घरी बसला असता.

भावोजींनी पहिले काही दिवस काहीच केलं नाही. चपला दाराबाहेर काढून आत येत, थर्मासमधली सोलकढी कपात ओतून घेत आणि नुसते बघत बसत. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे भावोजी काम कधी सुरू करणार?" मी तोच प्रश्न भावोजींना केला, तर म्हणाले, "कात्री शोधूक तुमचो अर्धो दिस जाता. माका बघूंदे जरा." मग एका सकाळी येऊन पाहतो तर टेबलं कामाच्या क्रमाने लावलेली, कात्र्या-पट्ट्या भिंतीवर टांगलेल्या, आणि प्रत्येकीभोवती तिच्या आकाराची रेघ रंगवलेली. आमचा एक आर्टिस्ट कुरकुरला, "बालवाडी आहे का ही, यार?" संध्याकाळी तोच शेजाऱ्याला सांगत होता, "ए, कात्री जागेवर ठेव ना."

मग नियम निघाला, की दुरुस्ती सांगायची ती फक्त भावोजींना. कुणी ओरडत आलंच तर ते शांतपणे चष्मा काढून ठेवत. "चष्म्याशिवाय मला ऐकू येत नाही," असं गंभीरपणे सांगत, आणि समोरचा खरंच हळू बोलू लागे. पण गाजलं ते स्टूल. जो 'अर्जंट' म्हणेल त्याने काम होईपर्यंत आर्टिस्टशेजारी स्टुलावर बसायचं. भावोजी स्टूल ओढेपर्यंत निम्मी अर्जंट कामं उद्यावर जात.

दिवाळीच्या तोंडावर शेटजी स्वतः येऊन धडकले. "माझी जाहिरात आत्ता पाहिजे. अर्जंट," ते गरजले. भावोजींनी चष्मा काढला. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. भावोजींनी स्टूल पुसून माझ्या टेबलाजवळ ठेवलं आणि म्हणाले, "बसा शेटजी."

शेटजी का कुणास ठाऊक, बसले. मी एकेक अक्षर चिमट्याने उचलून चिकटवत होतो आणि ते वाकून बघत होते. हळूच म्हणाले, "हा शब्द जरा मोठा चालेल का?" मी लगेच बदलून दाखवला. "आणि हे चित्र वर?" तेही झालं. एरवी या दोन प्रश्नांत आठवडा गेला असता. चहा संपायच्या आत शेटजींनी तिथल्या तिथे सही केली आणि जाताना मालकांना म्हणाले, "आमच्या पंख्यांचं कामही आता तुम्हीच करा. आणि ह्या माणसाला माझ्या कारखान्यात पाठवा एकदा."

त्या दिवशी आम्ही उन्हं असताना सुटलो. आर्टिस्ट मंडळी फाटकाशी घुटमळत राहिली, एवढ्या संध्याकाळचं करायचं काय ते कुणाला कळेना. मी भावोजींबरोबर मुलुंडला गेलो. ताईने दार उघडलं आणि आम्हाला पाहून ती चौकटीला धरूनच उभी राहिली. भावोजी आधी कामाला होते तो कारखाना बंद पडला, त्या दिवशीही ते असेच दिवसाउजेडी घरी आले होते.

"हेही बंद पडलं का हो?" तिने विचारलं.

"नाही गं," भावोजी म्हणाले. "काम झालं."

ती पदराने चेहरा पुसून आत गेली आणि बराच वेळ नुसता स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला. भावोजी गॅलरीत उभे राहून खाली खेळणारी मुलं बघत होते. आता ते नाहीत, ताईही थकली. पण ती संध्याकाळ आठवली की मी हातातलं काम थोडा वेळ खाली ठेवतो.