उजव्या बाजूचा पत्रा

वाकडं काम मला बघवत नाही. कुवेतमध्ये सोळा वर्षं एसीचे डक्ट बनवतोय, गुण्यात नसलेला, काटकोन चुकलेला तुकडा हातून गेलेला नाही. मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या एका कुवेती माणसाने रेसच्या गाडीची बॉडी नव्याने करायला दिली, तेव्हा जुना पत्रा बघून मला हसू आलं. तो त्याने स्वतःच ठोकला होता. मागची उजवी बाजू डावीपेक्षा वीतभर उंच. हौशी माणसाचं काम, दुसरं काय. शुक्रवारी सुट्टीत एका गॅरेजमध्ये मी दोन्ही बाजू सारख्या कापून बसवल्या आणि जलीब भागातल्या आमच्या कामगारांच्या खोलीत सगळ्यांना फोटोही दाखवले. त्याला घाई होती, रंग बघूनच तो खूश झाला.

पहिल्याच वळणात गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि गाडी उलटली.

आठवड्याने तो हात गळ्यात बांधून त्याच गॅरेजमध्ये आला. चिडला नाही. मोडक्या हिंदीत त्याने समजावलं, की त्या ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडे आहेत आणि मातीवर गाडी आडवी घसरतच वळते. तेव्हा उजवी बाजू वाऱ्याच्या तोंडी येते. तो उंच पत्रा वारा अंगावर घेऊन मागची चाकं आत दाबून धरतो.

“पूछा क्यों नहीं?” त्याने विचारलं.

त्याला पत्रा कापता येत नाही असं मला वाटलं होतं, हे तोंडातून निघेना. विसरलो, असं म्हणालो. विसरल्याबद्दल त्याने मला माफ केलं.