शेडमधली हर्डी-गर्डी

मी चौथी पास. तेही मास्तरांनी ढकलला म्हणून. लहानपणी शिंप्याच्या दुकानात शिकलो, बर्मिंगहॅमला येऊन कपड्यांच्या फॅक्टरीत आयुष्यभर टिपा मारल्या, घर केलं. आता म्हातारपणी हर्डी-गर्डी वाजवतो. कुणाला हसायचं असेल तर हसू दे.

हे वाद्य मांडीवर घ्यायचं. पोटात लाकडी चाक असतं. उजव्या हातानं दांडा फिरवला की चाक तारांना घासतं आणि सूर निघतो. डाव्या हातानं पेटीसारख्या पट्ट्या दाबायच्या. बाजारात एकजण वाजवताना पाहिला आणि म्हटलं, अरे, ही तर आपली हाताची शिलाई मशीन! उजवा हात चाकावर, डावा कापडावर. मला कोण शिकवणार?

बायको म्हणाली, "अहो, दारात मांजराची शेपूट सापडल्यासारखं वाटतंय. ओळखू येईल असं एक तरी गाणं वाजवा, मग आणा घरात." तेव्हापासून वाद्य बागेतल्या शेडमध्ये आणि त्याच्याबरोबर मीही. तिथल्या ओलीनं तारा सारख्या उतरायच्या. पण मी काही सोडणारा नव्हे.

महिन्यातून एकदा एका पबच्या माडीवर या वाद्याचे वेडे जमतात. मला वाटलं, सगळे माझ्यासारखे पिकलेले असतील. बघतो तर हिरव्या केसांच्या पोरी, खांद्यापर्यंत गोंदलेली पोरं! कुणी कॉम्प्युटर गेममध्ये हा आवाज ऐकून आलेलं, कुणी धांगडधिंग्याच्या बँडमध्ये हेच वाजवणारं. पहिल्याच दिवशी शेजारच्या हिरव्या केसवालीनं विचारलं, "तुमचं कुत्रं भुंकत का नाही?"

मी म्हटलं, "माझ्याकडे कुत्रं नाही. बायको पाळू देत नाही."

सगळी माडी हसली. तारेखाली लाकडाचा एक छोटा तुकडा असतो, मनगटाला झटका दिला की तो गुरगुरतो. त्याला हे लोक कुत्रं म्हणतात. हसता हसताच तिनं माझं कुत्रं नीट बसवून दिलं.

माझी एक खोड मात्र कुणालाच मोडता येईना. गाण्याची ओळ संपली की हात थांबायचा. टीप संपली, दोरा तोडा, ही हाताची जुनी सवय. "चाक थांबवू नका!" सगळे ओरडायचे.

"मी कुठं थांबवतो? ते थांबतं," मी म्हणायचो.

गेल्या खेपेला प्रत्येकानं एकट्यानं वाजवायचं होतं. बायकोला म्हटलं, "चल, आज निकाल लावून टाक." ती कोट न काढताच कोपऱ्यात बसली. मी निवडलं होतं तिचंच गाणं, कणीक मळताना ती गुणगुणते ते. तिला सांगितलं नव्हतं.

पहिली ओळ साफ गेली. शेवटी हात थांबलाच. आणि कोपऱ्यातून पुढची ओळ गुणगुणल्याचा आवाज आला. तिच्या सुरामागून मी दांडा फिरवला. त्यानंतर चाक थांबलं नाही, आणि कुत्रंही चांगलं भुंकलं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "दुसरी ओळ चुकलात."

"पण ओळखलंस ना?"

ती म्हणाली, "शेडमध्ये कुजेल ते. जिन्याखाली ठेवा. सोफ्यावर नाही हं!"

सध्या ते सोफ्यावर असतं.